सालासकट

प्रिय एल्विरा,

वेंडेलने तमाले तोंडाजवळ नेला होता. ओठ उघडले होते. अबेलने डाव हलवायचा थांबवला, मारिसेलाने नवऱ्याचा हात दाबला, आणि चाबेला आत्याने चष्मा नाकावर सरकवला. मी ओट्याला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, चाव बाबा, एकदाचं चाव. तो चावला नाही. त्याने तमाले खाली घेतला, बोटाने त्याची गाठ चाचपली आणि परत ताटलीत ठेवला. म्हणाला, "हा नको. हा दोन गाठींचा आहे. हा आत्याबाईंचा."

घर इतकं गप्प झालं की पाणी आटल्याचं कळावं म्हणून चुलीवरच्या पातेल्याच्या तळाशी टाकलेलं नाणं खुळखुळताना ऐकू आलं.

थांब. मधूनच सुरू केलं की तू चिडतेस. पहिल्यापासून सांगते.

शनिवारी तमाल्यांचा बेत होता. तुझे गुडघे तुला शिकागोहून इथवर येऊ देत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आत्याने सकाळी आल्याआल्या विचारलंच, एल्विरा निघाली का. नव्वदी ओलांडली तिने, पण पिठात बोट घालून मीठ कमी आहे हे ती अजून दारातूनच सांगते. मारिसेला नवऱ्याला घेऊन आली. अबेल आला. मक्याच्या कणसाची सालं मी रात्रीच भिजत घातली होती.

माझा एफ्राइन गेल्यापासून हा बेत म्हणजे नुसतं काम झालं होतं. सालावर मक्याचं पीठ थापायचं, सारण भरायचं, बांधायचं, वाफवायचं, वाटून घ्यायचं, आपापल्या घरी जायचं. कोणी भांडत नव्हतं. तुझी आई म्हणायची, रागावलेल्या माणसाचा हात लागला की तमाले शिजत नाहीत, पीठ सालाला चिकटून बसतं. आणि एका खोलीत दिवसभर कोंडलेलं आपलं घराणं रागावल्याशिवाय राहायचं कसं? म्हणून तर तुझ्या भावाने बिनरागाचं भांडण शोधून काढलं होतं. ज्यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशा माणसांवरून भांडायचं. अमेरिकेच्या अध्यक्षांवरून. कोणाची चूक सगळ्यांत मोठी? प्रत्येकाने एक चूक मांडायची आणि लढवायची, आणि शेवटी आत्याने निकाल द्यायचा. निकाल दर वर्षी तोच. फोर्ड, अलामोसमोर, तमाले, सालासकट.

आपण तिघांनी ते बघितलं होतं. तू, मी आणि तुझा भाऊ. शहात्तरच्या एप्रिलमधलं, अलामोच्या जुन्या किल्ल्यासमोरचं ऊन मला अजून आठवतं. एवढा मोठा माणूस, मतं मागायला आलेला, त्याच्या हातात कोणीतरी ताटली दिली, आणि त्याने साल न काढता सरळ चावा घेतला. एफ्राइन आपल्या कानात म्हणाला, "गेलं. टेक्सस गेलं याच्या हातून." नोव्हेंबरात खरंच गेलं, आणि मग मरेपर्यंत त्याला कोणी सांगायची सोय राहिली नाही की निवडणुकीत इतरही कारणं असतात.

ताटलीची पद्धतही त्याचीच. घरात नवं माणूस आलं की त्याच्यासमोर तमाल्यांची ताटली ठेवायची आणि कोणी काही बोलायचं नाही. मारिसेलाचा नवरा आयोवाचा. त्याने सालासकट चावा घेतला आणि सभ्यपणे चावत राहिला, अख्खं साल संपवलं, वर पाणी मागितलं. त्या क्षणापासून तो आपला झाला. एफ्राइन म्हणायचा, जो सालासकट खातो तो काहीही सहन करील, याला मुलगी द्या.

तर वेंडेल. मुलांना मी सांगितलं, पलीकडचा शेजारी आहे, बायको वारली, हवाई दलाच्या तळावर विमानं दुरुस्त करायचा, आता निवृत्त आहे, पेकनच्या झाडाच्या फांद्या छाटायला मदत करतो. भरलेली पातेली उचलायला एक माणूस हवाच होता. मारिसेला म्हणाली, "आई, उचलायला अबेल आहे, माझा नवरा आहे." मी म्हटलं, "दोघांच्या पाठी बघ एकदा."

मी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. आपल्या पेकनची अर्धी फांदी त्याच्या अंगणात जाते. एफ्राइन गेल्यानंतरच्या वर्षी दारावर टकटक झाली. हा उभा, हातात टणक कवचाच्या पेकनांची बादली. म्हणे, तुमचे पेकन आमच्या बाजूला पडतात, वेचून आणलेत. पुढल्या आठवड्यात पुन्हा. स्वतःच्या झाडाचे वेगळ्या बादलीत, आपल्या झाडाचे वेगळ्या. मी म्हटलं, अहो, पडले ते तुमचे. तो म्हणाला, झाड कोणाचं ते बघायला हवं ना. आपली स्पॅनिश तो बोलतो ती उलटसुलट चपला घातल्यासारखी, पण चालतो, थांबत नाही.

गुरुवारी, बेताच्या दोन दिवस आधी, मी त्याला बजावून ठेवलं होतं. ताटली समोर येईल. साल काढू नकोस. चाव. ते हसतील, पाठीवर थाप मारतील, आणि संपलं. तो म्हणाला, "ओदिलिया, मी ग्रँड रॅपिड्सचा आहे. फोर्ड आमच्या गावात वाढला. एका गावाने तीच चूक दोनदा करायची?" मी म्हटलं, "गावाचं नाव काढूच नकोस." तो म्हणाला, "बरं. चावतो."

मला भीती एकाच गोष्टीची होती. मुलांनी त्याच्याकडे बघून मग आपल्या बापाच्या खुर्चीकडे बघू नये. ती खुर्ची अजून टेबलाच्या टोकाला आहे. तिच्यावर कोणी बसत नाही. सालांची परात ठेवतो.

दुपारी हात पिठात गेले. मग अबेललाच काय वाटलं कोण जाणे, बापाच्या आवाजात म्हणाला, "तर मंडळी. चूक कोणाची?" मला डोळे पुसायचे होते, पण हाताला तिखट होतं.

त्याने स्वतःच हॅरिसन मांडला. भर थंडीत कोट न घालता दोन तास भाषण दिलं, आणि महिनाभरात खुर्ची रिकामी. मारिसेला शाळेत इतिहास शिकवते, तिला राहवलं नाही. "हल्ली डॉक्टर म्हणतात तो थंडीने गेला नाही, घाण पाण्याने गेला असावा." आत्या म्हणाली, "बायको बरोबर होती का त्याच्या?" "नव्हती, आत्या. आजारी होती, घरीच राहिली." "मग झालं. कोट घाल आणि आटप, हे सांगायला कोणी नव्हतं. ही चूक नाही, हा एकटेपणा. पुढचा."

मारिसेलाच्या नवऱ्याने रूझवेल्ट मांडला. थँक्सगिव्हिंगचा सण एक आठवडा अलीकडे ओढला, दुकानांचा धंदा व्हावा म्हणून, आणि अर्ध्या देशाने ऐकलं नाही. आत्या इतकी हसली की तिचं पीठ वाकडं थापलं गेलं. "अरे, टेक्ससने दोन्ही दिवस पाळले! मी मुलगी होते. दोन्ही गुरुवारी जेवलो. ही चूक म्हणतोस तू? अशा चुका करणारा माणूस पुन्हा मिळाला नाही."

मारिसेला चिडली. ती दर वर्षी चिडते, गंभीर चूक मांडते आणि हरते. ती म्हणाली, "त्याच रूझवेल्टने जपानी वंशाच्या माणसांना घरांतून उठवून कुंपणाआड टाकलं, आत्या. इथून खाली क्रिस्टल सिटीत मुलं तारेच्या आत शाळेत जात होती. त्यावर बोला की." ब्यूकॅननचं नाव ती दुसऱ्या क्रमांकाला ठेवते, यादवी युद्धाआधी राज्यं एकेक करून फुटत होती आणि तो हातावर हात ठेवून बसला. आत्याने मान डोलावली. मग सालावरचं पीठ सारखं करत, आवाज न बदलता म्हणाली, "हूवरच्या दिवसांत माझ्या काकाला आगगाडीत बसवलं. मेक्सिकोला, घरी जा म्हणाले. तो इथे सॅन अँटोनियोत जन्मलेला. तो म्हणाला, मी घरीच आहे. गाडी सुटली." आत्याने पुढचं साल घेतलं.

एल्विरा, जॉन्सनचं नाव या वर्षीही कोणी घेतलं नाही. तो आपल्याच टेक्ससचा, आणि त्याच्या व्हिएतनामच्या युद्धातून आत्याचा तोमास परत आला नाही. तुझ्या भावाने तेवढा एकच नियम कधी उच्चारला नव्हता, तरी पोरांना तो पाठ आहे. फार वर्षं मला वाटायचं, आत्या गंमत म्हणून दर वर्षी साल जिंकवते. शनिवारी तिच्या हातांकडे बघताना कळलं. खऱ्या चुका तोलायला बसलो असतो तर आपल्या घरात तमाले कधी शिजलेच नसते.

मग आत्या म्हणाली, "निकाल ठरलेला आहे. फोर्ड. कोणाची हरकत?"

"माझी," वेंडेल म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते. त्याने बघितलं नाही. तो म्हणाला, "मी ग्रँड रॅपिड्सचा आहे." अबेल ओरडला, "गावकरी निघाला! आई, तू शत्रूचा माणूस घरात आणलास!" हशा संपेपर्यंत वेंडेल थांबला. मग म्हणाला, "आमच्या गावात त्याची चूक वेगळी. घोटाळ्यात पायउतार झालेल्या आधीच्या अध्यक्षाला त्याने माफ केलं ती. माझे वडील खुर्च्यांच्या कारखान्यात होते. भिंतीवर त्याचा फोटो होता. माफीची बातमी आली त्या दिवशी त्यांनी फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला. काढला नाही. उलटा टांगला. बरीच वर्षं तो तसा होता. मग एकदा मी घरी गेलो तर सुलटा. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, काही नाही, मी म्हातारा झालो, किती दिवस पाठच बघायची."

मारिसेला म्हणाली, "म्हणजे माफी ही चूक नव्हती?" वेंडेल म्हणाला, "मला माहीत नाही. वडिलांनाही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त फोटो फिरवला."

आत्या त्याच्याकडे चष्म्यावरून बघत होती. "माफीचं ठीक आहे," ती म्हणाली. "पण साल का खाल्लं त्याने?"

हसू आवरेपर्यंत पहिलं पातेलं उतरलं. आत्याने स्वतः ताटली भरली, स्वतः वेंडेलसमोर ठेवली, आणि पुढचं तू वाचलंसच.

आता सांग, आपल्या घरच्या गाठी बाहेरच्या कोणाला कळतात का? एक गाठ डुकराच्या मांसाची, बिनगाठीचे घेवड्याचे, दोन गाठी म्हणजे मनुका घातलेले गोड, आत्याचे. दुसऱ्या घरी असं कोणी बांधत नाही. आयोवाच्या जावयाला ते शिकायला चार डिसेंबर लागले. आणि हा पलीकडचा शेजारी, फांद्या छाटणारा, न उघडता ओळखतो आणि वर आत्याचा वाटा म्हणून बाजूला ठेवतो. सालासकट खाल्लं असतं तर कोणाला काही कळलं नसतं. फोर्डला माहीत नव्हतं म्हणून तो पकडला गेला. माझा माणूस माहीत होतं म्हणून पकडला गेला.

"माझा माणूस" असं लिहून गेले. राहू दे.

आत्या म्हणाली, "ओदिलिया, इकडे ये." मी गेले. तिने तो तमाले माझ्यासमोर धरला. "तू या घरात आलीस तेव्हापासून तुझी गाठ वाफेत सुटते. तुझी सासू म्हणायची, मुलगी गुणी आहे पण गाठ मारता येत नाही. या गोड तमाल्यांची एकही गाठ सुटलेली नाही. मी मुद्दाम दोन गाठींचा ठेवला ताटलीत. कोणाच्या आहेत या?"

वेंडेल म्हणाला, "विमानात आम्ही तार अशी पिळतो. सुटली तर माणसं पडतात."

गोड तमाले आम्ही गुरुवारीच बांधले होते, माझ्या स्वयंपाकघरात. गेल्या डिसेंबरातही. मधल्या बऱ्याच गुरुवारी तो पेकन घेऊन यायचा, आणि पेकन पडत नव्हते तेव्हा नुसताच यायचा.

अबेल म्हणाला, "कधीपासून, आई?"

मी म्हटलं, "पेकन पडायला लागल्यापासून."

"यंदाचे की गेल्या वर्षीचे?"

"गेल्या वर्षीचे."

त्याने डाव खाली ठेवला आणि मागच्या दाराने अंगणात गेला. दार आपटलं नाही, पण लावूनही घेतलं नाही. मारिसेला हसत होती आणि रडत होती, आणि तिचा नवरा तिला कागदी रुमालांऐवजी भिजलेली सालं देत होता. वेंडेल उभा राहिला. आत्या म्हणाली, "बसा. दुसरं पातेलं अबेलने लावलंय, त्याच्या हातचं आहे. तो रागावला असेल तर शिजणार नाही. झाकणाला कोणी हात लावू नका. कळेलच."

मग आम्ही बसलो. नाणं वाजत होतं. माझ्या आयुष्यात मी एवढ्या लक्षपूर्वक पातेलं ऐकलं नव्हतं. खिडकीतून अबेल दिसत होता, झाडाखाली उभा, बुटाने काहीतरी उलटंपालटं करणारा. तो आत आला तेव्हा त्याच्या खिशात पेकन होते. कोणाशी न बोलता त्याने झाकण काढलं, वाफेत हात घातला, एक तमाले उचलला, चटका बसला म्हणून शिवी दिली, आणि साल ओढलं.

साल सुटलं. अगदी स्वच्छ. पिठाचा कणही मागे राहिला नाही.

अबेलने ते साल उजेडाकडे धरून सगळ्यांना दाखवलं. म्हणाला, "तरीच. गेल्या ख्रिसमसला आईच्या गाठी सुटल्या कशा नाहीत याचं मला आश्चर्य वाटत होतं." मग वेंडेलकडे वळला. "पण साहेब, तुम्ही ताटली नाकारलीत. या घरात असं चालत नाही. आत्या, शिक्षा?"

"सालासकट," आत्या म्हणाली.

वेंडेलने बिनगाठीचा उचलला आणि खाल्ला, सालासकट, शेवटपर्यंत, ग्रँड रॅपिड्सच्या वतीने. मारिसेलाच्या नवऱ्याने शेजारी उभं राहून त्याला धीर दिला, चावत राहा, मध्यावर जरा सोपं जातं. आम्ही इतके हसलो की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. भांडी अबेलने घासली. पुसायचं फडकं त्याने वेंडेलच्या खांद्यावर टाकलं, विचारलं नाही.

जाताना आत्या माझ्या कानाशी आली. म्हणाली, "मुलांचं झालं. माझं झालं. पण एल्विराला विचार. तो तिचा भाऊ होता."

म्हणून हे पत्र. वेंडेलने मला उन्हाळ्यातच लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, डिसेंबर होऊ दे म्हटलं. अजून त्याला उत्तर दिलेलं नाही, कारण एक उत्तर तुझ्याकडे आहे. तुला आठवतं का, अलामोसमोर फोर्डने सालाचा चावा घेतला तेव्हा मी इतकी हसले की तोल जाऊन पहिल्यांदा एफ्राइनचा दंड धरला? तू ते बघितलंस. आणि जणू काही बघितलंच नाही अशी तोंड फिरवून झेंडे मोजत बसलीस, घरी कोणाला बोलली नाहीस, आम्ही सांगेपर्यंत. ते मी कधी विसरले नाही. एल्विरा, एकदा तोंड फिरवून तू मला सुखी केलंस. या वेळी फिरवू नकोस. गुडघ्यांना काय हवं ते दे, पण ये, आणि बघ.

तुझीच, गाठ न येणारी,
ओदिलिया

ता. क. आज सकाळी पत्र टाकायला निघाले तेव्हा वेंडेल अंगणात होता. पोट कसं आहे विचारलं. ठीक आहे म्हणाला. तो पेकन वेचत होता, दोन्ही झाडांचे, एकाच बादलीत.